स्थानकाजवळचा पुनर्विकास पर्यावरणाला तारक की मारक? दोन वह्यांचा हिशेब

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या जुन्या मध्यवस्तीत, रेल्वे-मेट्रो स्थानकाभोवतीच्या दोन-चार मजली इमारती पाडून तिथे २०-२५ मजल्यांची घरे, कार्यालये आणि दुकाने उभी करायची आहेत. पाठीराखे म्हणतात, लोक स्थानकाजवळ राहायला आले की गाड्या कमी फिरतील, शहर पसरायचे थांबेल, पर्यावरणाचा फायदाच होईल. विरोधक म्हणतात, झाडे जातील, धूळ उडेल, रस्ते तुंबतील, उकाडा वाढेल. पर्यावरण अहवाल ८०० पानांचा आहे आणि त्यात दोघांनाही आपापल्या सोयीचे पान सापडते. मग वजन करायचे तरी कसे, आणि सुनावणीत पाठिंब्याचे पत्र द्यायचे की हरकतीचे?

मी असे अहवाल आधी लिहीत होतो, पुढे दुसऱ्यांनी लिहिलेले तपासायला लागलो. मिळून वीसेक वर्षे झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे दोन वेगळ्या हिशेबांची एकच बेरीज. अहवालाच्या शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे हवा, आवाज, पाणी, झाडे, वाहतूक, कार्बन. उजवीकडे अधिक-उण्याच्या खुणा. तळाशी ‘एकंदर परिणाम: सकारात्मक’. हा तक्ता दिसला की मी ते पान दुमडून ठेवतो आणि परिशिष्टांपासून वाचायला सुरुवात करतो.

कारण साधे आहे. गाडी कमी फिरल्याने वाचलेला कार्बन साऱ्या जगाच्या खात्यात जमा होतो, तोही तीस-चाळीस वर्षांत थोडाथोडा. पाया खणताना खाली गेलेले भूजल मात्र शेजारच्या इमारतीच्या भिंतीत तडा होऊन दिसते, आणि तेही पहिल्या दोन वर्षांत. मिळवणारी माणसे वेगळी आणि गमावणारी वेगळी. एकाच्या जमेतून दुसऱ्याचा खर्च वजा करून ‘निव्वळ फायदा’ काढला, तर गणित बरोबर येते आणि माणसे हरवतात. म्हणून मी दोन वह्या ठेवतो. लांबच्या वहीत कार्बन, इंधन, शहराचा पसारा, शेतजमीन आणि आज तिथे राहणारे लोक. जवळच्या वहीत धूळ, आवाज, भूजल, माती, सावली आणि झाडे. इथे बांधायचे की नाही आणि किती, हे लांबच्या वहीवरून ठरवावे. कसे बांधायचे आणि कोणत्या अटींवर, हे जवळच्या वहीवरून.

लांबच्या वहीतला पहिला प्रश्न: तुलना कशाशी? बहुतेक अहवाल आजच्या स्थितीशी तुलना करतात. २०० नवी कुटुंबे येणार, म्हणून पाणी वाढले, सांडपाणी वाढले, गाड्या वाढल्या, सगळेच उणे. पण ती २०० कुटुंबे काही आभाळातून पडत नाहीत. इथे आली नाहीत तर कुठेतरी राहणारच, आणि तिथे त्यांचे पाणी, सांडपाणी, गाड्या असणारच. खरी तुलना ‘प्रकल्प झाला नाही तर काय होईल’ याच्याशी हवी. पाठीराख्यांनाही हे कळते, पण ते उलट्या बाजूची लबाडी करतात: इथे घर न मिळालेले प्रत्येक कुटुंब शहराच्या टोकाला बंगला बांधून रोज ४० किलोमीटर गाडी हाकेल, असे धरून चालतात. प्रत्यक्षात काही टोकाला जातील, काही शेजारच्या जुन्या वस्तीत भाड्याने राहतील, काही शहरात येणारच नाहीत. ही विभागणी अहवालात कुठे आणि कशाच्या आधारावर केली आहे, ते शोधा. बहुधा केलेलीच नसते.

याच कारणाने ‘पर्याय’ हे प्रकरण नीट वाचावे. अमेरिकेत पर्यावरण आघाताची पद्धत १९६९ च्या कायद्याने रुजली. १९७८ च्या नियमांत पर्यायांच्या प्रकरणाला अख्ख्या अहवालाचे हृदय म्हटले होते. प्रत्यक्षात जगभर हेच प्रकरण सर्वांत आळसाने लिहिले जाते. एक पर्याय ‘काहीच न करणे’, एक ‘दुप्पट बांधणे’, आणि मधोमध आपला प्रकल्प शहाण्यासारखा बसलेला. आठ-दहा मजले, निम्म्या जुन्या इमारती दुरुस्त करून ठेवलेल्या, तळघर नसलेला, असा जगू शकेल असा पर्याय क्वचितच मांडलेला असतो, कारण तो जिंकण्याची भीती असते.

दुसरा प्रश्न: गाड्या खरेच कमी फिरतात का? फिरतात, पण सांगितले जाते त्या कारणाने नाही. रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो या शहरनियोजनाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आकडे काढले. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते. नुसती लोकवस्तीची घनता १०% वाढवली तर वाहन-किलोमीटर, म्हणजे गाड्यांनी कापलेले एकूण अंतर, सुमारे ०.४% घटतात. स्थानकापर्यंतचे अंतर १०% कमी केले तर सुमारे ०.५%. पण शहराच्या केंद्रापासूनचे अंतर १०% कमी झाले तर सुमारे २.२%. रस्त्यांचे आणि चौकांचे जाळे १०% दाट झाले तर सुमारे १.२%. हे आकडे सुटे पाहिले तर लहान वाटतात. एकत्र आले की परिणाम बराच मोठा होतो. मला त्यातून कळलेली गोष्ट अशी की ‘स्थानकाजवळ’ या शब्दापेक्षा ‘मध्यवस्ती’ हा शब्द जास्त काम करतो. जिथे चालत जाऊन दहा कामे होतात तिथे गाडी आपोआप घरी राहते; रेल्वे त्याला हातभार लावते. म्हणून टोकाच्या स्थानकाशेजारी, चहूबाजूंनी वाहनतळ असलेल्या माळावर उभारलेला मनोरा आणि तुमच्या मध्यवस्तीतला मनोरा ‘टीओडी’, म्हणजे स्थानककेंद्री विकास, या एकाच नावाखाली मोजू नयेत.

हे जमलेले ठिकाण पाहायचे असेल तर अमेरिकेत वॉशिंग्टनशेजारी, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचा रॉसलिन ते बॉलस्टन पट्टा पाहावा. तिथली मेट्रो मुळात महामार्गाच्या मधून नेणार होते. काउंटीने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, आग्रह धरून ती जुन्या व्यापारी रस्त्याखालून नेली आणि १९७९ मध्ये ती बॉलस्टनपर्यंत पोहोचली. पाच स्थानकांभोवती उंच बांधकाम, आणि थोडे दूर गेले की जुनी बैठी घरे तशीच. बांधकाम अनेक पटींनी वाढले, रस्त्यावरच्या गाड्या त्या मानाने फारच कमी वाढल्या. कोपनहेगनने १९४७ पासून शहराची वाढ हाताच्या बोटांसारखी रेल्वेमार्गांवर नेली. तिथे १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठे कार्यालय स्थानकापासून साधारण ६०० मीटरच्या आत असावे असा दंडक आहे. या दंडकात कार्यालयाचे नाव आहे, घराचे नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. माणूस घरापासून स्थानकापर्यंत सायकलने, बसने कसाही जातो. उतरल्यावर कार्यालय दूर असेल तर मात्र तो रेल्वेच सोडून देतो. तुमच्या प्रकल्पात नुसती घरे आणि नावापुरती दुकाने असतील, तर हा मुद्दा उचलून धरा.

अंतरावरून आठवले. अहवालात स्थानक मध्यभागी धरून ५०० मीटरचे वर्तुळ काढलेले असते. ते वर्तुळ पक्ष्यांसाठी असते. मी एकदा अशा वर्तुळाच्या आत, नकाशावर ३८० मीटरवर असलेल्या इमारतीतून चालत निघालो. आधी रेल्वेची भिंत, मग भिंतीला समांतर चालत पादचारी पूल, त्याच्या ५४ पायऱ्या वर, तेवढ्याच खाली, मग सहा पदरी रस्त्याचा सिग्नल. फलाटावर पोहोचलो तेव्हा साडेअकराशे मीटर झाले होते आणि १९ मिनिटे गेली होती. गुडघे दुखणारे माणूस असते तर रिक्षाच केली असती. सुनावणीला जाण्याआधी हे एकदा चालून पाहा, शक्यतो पावसात.

आता पार्किंग. दोन्ही वह्यांची खरी किल्ली इथे आहे.

स्थानकापासून पाच मिनिटांवर बांधून झालेल्या एका संकुलाची पाहणी माझ्याकडे आली होती. मूळ अहवाल म्हणत होता, इथले बहुतेक लोक रेल्वेने कामाला जातील. मी आणि एक सहकारी रात्री २ वाजता टॉर्च आणि मोजणीचे कागद घेऊन दोन मजली तळघरात उतरलो. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे: रात्री २ ला कोणत्या जागा भरलेल्या आणि सकाळी ११ ला त्यातल्या कोणत्या रिकाम्या, एवढेच लिहायचे. रात्रीही भरलेली आणि सकाळीही भरलेली जागा म्हणजे गाडी आहे, पण रोज निघत नाही; रेल्वेने जाणाऱ्याची गाडी अशी असते. तिच्यावर कव्हर असते, टायरभोवती धुळीची कड जमलेली असते, काचेवर कोणीतरी बोटाने नाव लिहून गेलेले असते. अशा गाड्या आम्हाला बोटांवर मोजण्याइतक्या मिळाल्या. सकाळी ११ ला तळघर ओस पडले होते. खांबांवरचे आकडे आणि फरशीवरचे तेलाचे डाग तेवढे उरले होते. रखवालदाराला विचारले तर म्हणाला, ‘घराबरोबर दोन-दोन जागा फुकट मिळाल्यात साहेब. मग माणूस गाडी घेणारच की.’ फुकट कुठली? घराच्या किमतीतच धरलेल्या. पण वेगळी पावती नसली की माणसाला ती फुकटच वाटते.

स्थानकाजवळ राहूनही ज्याच्या दारात हक्काची जागा आहे तो गाडी काढतो. पार्किंग घराबरोबर बांधून न देता वेगळे विकले किंवा भाड्याने दिले, आणि मुळातच कमी ठेवले, तर गाडीची संख्या खरोखर उतरते. म्हणून अनेक शहरांनी ‘किमान इतके पार्किंग हवेच’ हा नियम उलटा केला. साओ पावलोने २०१४ च्या विकास आराखड्यात वाहतूक मार्गांवर किमान पार्किंगची सक्ती काढली, मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमानच्या जागी कमाल मर्यादा आणली, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत सक्तीचे पार्किंग जवळपास बंद केले.

याचा कार्बनच्या हिशेबाशी कसा संबंध लागतो ते एका गणिताने दाखवतो. आकडे धरलेले आहेत. तुमच्या प्रकल्पाचे आकडे घालून तुम्ही ते पुन्हा करा.

समजा जुन्या इमारती ४,००० चौरस मीटरच्या आहेत. त्या जागी २०,००० चौरस मीटर बांधायचे आणि खाली ६,००० चौरस मीटरचे दोन मजली तळघर. काँक्रीट आणि सळईच्या उंच इमारतीसाठी, साहित्य बनवण्यापासून बांधून होईपर्यंत, दर चौरस मीटरला ५०० किलो कार्बन धरू. तळघरालाही तेवढाच धरू, खरे तर भिंती आणि तळाच्या जाड स्लॅबमुळे तो जास्त भरतो. एकूण १३,००० टन, आणि हे सगळे पहिल्या चार-पाच वर्षांत, गाडी कमी फिरण्याच्या आधीच हवेत गेलेले. आता तुलनेला: जुनी ४,००० चौरस मीटर दुरुस्त करून ठेवली, दर १५० किलोने ६०० टन. वाढीव १६,००० चौरस मीटर शहराच्या टोकाला बैठ्या बांधणीत, दर ३५० किलोने ५,६०० टन. मिळून ६,२०० टन. म्हणजे मध्यवस्तीत बांधण्याचा जादा बोजा ६,८०० टन.

वाढीव १६,००० चौरस मीटरमध्ये २०० कुटुंबे. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी कमी चालवली, किलोमीटरला १७० ग्रॅम धरून, तर वर्षाला ३४० टन वाचतात आणि बोजा २० वर्षांत फिटतो. पण तळघर भरलेले असल्याने त्यांनी ४,००० किलोमीटरच कमी चालवली, तर वर्षाला १३६ टन, आणि फेडायला ५० वर्षे. आता तळघर काढून टाका. बोजा ६,८०० वरून ३,८०० टनांवर येतो. १०,००० किलोमीटरच्या हिशेबाने ११ वर्षांत वसूल. तळघर दोनदा खर्च होते: एकदा काँक्रीटमध्ये, दुसऱ्यांदा रोज त्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत.

या गणितात मी टोकाच्या वस्तीसाठी लागणारे नवे रस्ते, जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, विजेचे खांब आणि गिळलेली जमीन धरली नाही. ती धरली की मध्यवस्तीची बाजू भक्कम होते. उलट बाजूने, गाड्या विजेवर जाऊ लागल्या की किलोमीटरमागचे १७० ग्रॅम वर्षागणिक उतरतील आणि वाचवलेल्या प्रवासाची किंमत घटेल, पण पायात ओतलेले काँक्रीट मात्र आजच्याच भावाने हिशेबात राहील. पन्नास वर्षांच्या फेडीचा प्रकल्प मला तरी पर्यावरणाच्या नावावर मान्य करता येत नाही. वीस वर्षांच्या आतला असेल तर बोलायला जागा आहे.

लांबच्या वहीतली शेवटची नोंद बहुतेक अहवाल करतच नाहीत: आज तिथे राहणाऱ्यांचे काय? जुन्या इमारतींतली भाडेकरू कुटुंबे, छोटी दुकाने, वरच्या मजल्यावरची शिलाईची किंवा छपाईची कामे. यांच्यापैकी बहुतेकांकडे गाडी नसते. रेल्वे-बसचे सर्वांत नेमाचे प्रवासी तेच. ते टोकाला फेकले गेले आणि त्यांच्या जागी दोन गाड्यांची कुटुंबे आली, तर स्थानकाजवळची लोकसंख्या वाढूनही रेल्वेचे प्रवासी त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि गेलेल्यांचा प्रवास लांबतो तो वेगळाच. विस्थापन हा सामाजिक मुद्दा आहे म्हणून वेगळ्या प्रकरणात टाकतात. माझ्या मते तो सरळ वाहन-किलोमीटरचा मुद्दा आहे, आणि त्याच तक्त्यात यायला हवा.

आता जवळची वही. इथे मी सगळ्यात आधी जमिनीखाली पाहतो, कारण अहवाल तिथे सगळ्यात कमी पाहतात.

जुनी मध्यवस्ती म्हणजे शंभर वर्षांचे धंदे. पेट्रोलच्या टाक्या, छापखाने, मुलामा देण्याचे कारखाने, कपडे धुण्याची ड्राय-क्लीनिंगची दुकाने. एका जागेच्या कागदांवर ‘पूर्वीचा वापर: निवासी व व्यापारी’ एवढेच लिहिले होते. आम्ही जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या, तेव्हा त्याच पत्त्यावर अनेक वर्षे ड्राय-क्लीनिंगचे दुकान असल्याचे निघाले. बोअर घेतला. सहा मीटरवरून वर आलेला मातीचा गाभा उघडला तर ओलसर मातीच्या वासात एक गोडसर, ईथरसारखा वास. वाफ मोजणारे हातातले यंत्र नमुन्याजवळ नेताच आकडे पळायला लागले. ड्राय-क्लीनिंगच्या धंद्यात वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन हे द्रव रसायन पाण्यापेक्षा जड असते. ते भूजलावर तरंगत नाही, खाली खाली जात चिकणमातीच्या थरावर साचते आणि वर्षानुवर्षे तिथून पाण्यात मिसळत राहते. त्याची वाफ फरशीच्या भेगांतून घरात शिरते.

आता यात तळघर घाला. खोल खड्डा कोरडा ठेवायचा म्हणजे महिनोन्महिने भूजल उपसायचे. उपसा सुरू झाला की आजूबाजूचे पाणी खड्ड्याकडे धावते, आणि शेजारच्या जागेखाली निवांत पडलेले प्रदूषणही त्याच्याबरोबर सरकते. दुसरीकडे, पाण्याची पातळी उतरली की मऊ माती दबते आणि जुन्या इमारतींचे पाये खचतात. बॉस्टनमध्ये भराव घातलेल्या जमिनीवरच्या जुन्या इमारती लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. खुंट पाण्याखाली असेपर्यंत टिकतात. पाणी उतरून हवा लागली की कुजतात. तिथे भूजलाची पातळी पाहण्यासाठी खास विश्वस्त संस्था काम करते आणि विहिरींतून नेमाने मोजमाप घेते. आणि खोदकाम चुकले तर काय होते याचे सर्वांत वाईट उदाहरण जर्मनीतल्या कोलोनचे: ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या खोदकामाशेजारी असलेले शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार कोसळले, शेजारच्या घरांतले दोघे मेले आणि शतकांची कागदपत्रे चिखलात गेली. तुमच्या अहवालात उपसा किती, किती महिने, पाणी कुठे सोडणार, शेजारच्या किती इमारतींवर खचण्याची मापके बसवणार, आणि किती मिलिमीटरला काम थांबवणार, याची उत्तरे नसतील, तर ते प्रकरण अपुरे आहे असे लेखी द्या. ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ हे उत्तर नव्हे.

हवा आणि आवाजाच्या बाबतीत अहवाल बांधकामाच्या धुळीवर पाने खर्च करतात: पाणी मारणे, ताडपत्री, ट्रकची चाके धुणे. ते करायचेच, आणि पाडकामाआधी ॲस्बेस्टॉसची तपासणीही. पण धूळ चार वर्षांत संपते. कायमची गोष्ट ही की आपण हजार माणसांना आणून रेल्वेमार्ग आणि मुख्य रस्त्याच्या कडेला झोपवणार आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी (पीएम २.५) वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक पातळी दिली. गजबजलेल्या मध्यवस्तीत ती क्वचितच मिळते. रेल्वेच्या आवाजासाठी याच संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५४ डेसिबल आणि रात्री ४४ डेसिबल आहेत. सरासरीवर समाधान मानू नका. रात्री ३ ला जाणारी एक मालगाडी सरासरीत दिसत नाही, पण झोप तीच मोडते. आणि भुयारी मार्ग जवळ असेल तर जमिनीतून येणारी घरघर वेगळी. तिच्यावरचा उपाय पायात रबराचे थर किंवा स्प्रिंगा घालण्याचा असतो, आणि तो नकाशावर असतानाच करता येतो. इमारत उभी राहिल्यावर जाड काचा लावून काही होत नाही. वायुवीजनाची हवा कोणत्या बाजूने, कितव्या मजल्यावरून आत घेणार, हे एक वाक्य आराखड्यात शोधा.

सावली, वारा, उकाडा यांचे गणित हवामानावर आहे. थंड शहरात मनोऱ्याची सावली शेजाऱ्याचे ऊन खाते. उष्ण शहरात तीच दुपारी तीनला वरदान वाटते. काचेच्या भिंती आणि खालच्या मजल्यांवर एसीच्या गरम हवेची तोंडे मात्र कुठेच वरदान नसतात.

झाडांविषयी एकच सांगतो. ४० झाडे काढून १२० लावू, या वाक्याने हुरळू नका. ती १२० कुठे लावणार ते पाहा. तळघर भूखंडाच्या हद्दीपर्यंत गेले असेल तर वरची ‘बाग’ म्हणजे स्लॅबवर टाकलेली मीटरभर माती. त्यात झुडपे जगतात. वड-पिंपळाच्या जातीचा विस्तार तिथे होत नाही, आणि पावसाचे पाणीही खाली मुरत नाही. ‘तळघराबाहेरची नैसर्गिक जमीन किती चौरस मीटर’ हा आकडा मागा. पावसाच्या बाबतीत खरे तर पुनर्विकासाला चांगली संधी असते: जुनी मध्यवस्ती आधीच फरशीने झाकलेली असते, त्यामुळे थोडीशी मोकळी माती, थोडी साठवण टाकी एवढ्यानेही आजच्यापेक्षा पाणी कमी वाहील. ही जमेची नोंद प्रामाणिकपणे करावी. ती तळघराने खाल्ली तर तेही लिहावे.

राहता राहिली वाहतूक कोंडी, आणि इथे मी विरोधकांना थोडे नाराज करणार आहे. चौकात गाड्यांना किती सेकंद थांबावे लागते हे गाडीवाल्याच्या सोयीचे माप आहे, पर्यावरणाचे नव्हे. ते माप लावले की मध्यवस्तीतला प्रत्येक प्रकल्प नापास होतो आणि टोकाच्या माळावरचा पास, कारण तिथे चौकच नसतो. शिवाय उपाय म्हणून रस्ता रुंद करायला सांगितले जाते, म्हणजे पादपथ कापला जातो आणि स्थानकापर्यंत चालणे आणखी अवघड होते. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून हे माप बाजूला सारले आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर वाहन-किलोमीटर हेच माप लावले. त्यामुळे ‘चौक तुंबेल’ ही हरकत घेऊन जाऊ नका. तिचा परिणाम बहुधा रस्तारुंदीत होतो. त्याऐवजी वाहतूक मोजणीच्या परिशिष्टातली तारीख पाहा. मोजणी शाळेच्या सुट्टीत किंवा सलग सुट्टीच्या आठवड्यात झाली असेल, तर वाहन-किलोमीटरचा पुढचा सगळा हिशेब त्या पोकळ आकड्यावर उभा आहे.

तुम्ही विचारले होते की पाठिंब्याचे पत्र द्यावे की हरकतीचे. दिलेल्या माहितीवरून जागा योग्य वाटते, मजले थोडे जास्त वाटतात, आणि तळघर नको. त्यामुळे मी एकच मागणी असलेले पत्र देईन: हाच प्रकल्प तळघराशिवाय, अपंगांच्या आणि मालवाहू गाड्यांच्या जागा तेवढ्या तळमजल्यावर ठेवून, चौथा पर्याय म्हणून मोजा, आणि कार्बन, भूजल उपसा, नैसर्गिक जमीन आणि वाहन-किलोमीटर, चारही आकडे मूळ प्रकल्पाशेजारी एका तक्त्यात द्या. विकासक म्हणेल, पार्किंगशिवाय घरे विकली जाणार नाहीत. त्यावर सांगा की पहिल्या टप्प्यात घर आणि पार्किंग यांची किंमत वेगवेगळी लावा, शेजारच्या एखाद्या अर्धरिकाम्या वाहनतळात जागा भाड्याने घेऊन ठेवा, आणि किती जण ती वेगळे पैसे मोजून घेतात ते पाहून दुसऱ्या टप्प्याचे ठरवा. तळघराचा नकाशा बहुधा स्थापत्य आराखड्याच्या परिशिष्टात असतो, पर्यावरण अहवालात नसतो. तो वेगळा मागून घ्या, आणि सुनावणीच्या आधी मागा.